चुलीखालचे रूळ

राजपत्तीकाकीशी माझं कधी पटलं नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला तिचा भाट म्हणायला नको. मी लॉरीवाला आणि ती ऊसतोड टोळीची मुकादम. फिजीतल्या आमच्या वाइनिवी गावचा ऊस रुळावरून कारखान्याला गेला की तिचं भागतं, रस्त्याने गेला की माझं. एवढ्या एका गोष्टीवरून आम्ही आठ वर्षं एकमेकांना टोमणे मारत आलो आहोत. माझ्या लॉरीला ती 'हरीची म्हैस' म्हणते, कारण लॉरी चढावर थांबून धापा टाकते. मी तिच्या लायनीला 'राजपत्तीचं माहेर' म्हणतो, कारण दिवसातून चार वेळा ती तिथे जाऊन येते.

तसं पाहिलं तर ते खोटंही नाही. तिचा बाप कारखान्याचा लायनीवरचा मजूर होता. लायनीच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत ती जन्मली, रुळावरून चालत शाळेला गेली, आणि चौथीत शाळा सुटल्यावर त्याच रुळावरून बापाची भाकरी पोचवू लागली. तिच्या लग्नाच्या दिवशी पुराने रस्ता वाहून गेला. तेव्हा मथुराकाकाने इंजिन ड्रायव्हरला नंगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून पितात त्या सौम्य नशेच्या, मुळांची जुडी दिली, उसाचे दोन रिकामे डबे धुऊन घेतले आणि अख्खी वरात डब्यात बसवून नवरी आणली. लाल साडीवर काळं वंगण लागलं होतं म्हणे. ते डाग दाखवायला ती अजून ती साडी काढते.

मथुराकाका टोळीचा मुकादम होता. साखरेच्या आजाराने आधी त्याचा पाय गेला, मग तोही गेला. नवा मुकादम निवडायला शेतकरी रामायण मंडळीच्या शेडमध्ये जमले. नंगोनाची परात मध्ये होती, करवंटी हातोहात फिरत होती, आणि बाईमाणसाला टोळी कशी झेपणार यावर जो तो अक्कल पाजळत होता. मीही पाजळली. काकी दारात उभी राहून ऐकत होती. मग आत आली, परातीशेजारी कोयता ठेवला आणि म्हणाली, "मुकादमाला कोयता चालवता आला पाहिजे की मिशा पाहिजेत, ते आधी ठरवा. मिशाच पाहिजे असतील तर मी घरी जाते. माझी डाळ चुलीवर आहे."

शेवटी इलाइसा बोलला. इलाइसा म्हणजे पलीकडच्या कोरोतला, म्हणजे फिजी लोकांच्या गावातला, टोळीतला सगळ्यात दांडगा गडी. आमची भाषा आमच्याइतकीच बोलतो आणि शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या देतो. तो म्हणाला, "मला कोणीही मुकादम चालेल. जेवण वेळेवर पाहिजे." तेवढ्यावर निवडणूक झाली.

तेव्हापासून टोळी तिची. जून ते नोव्हेंबर ती पहाटेपासून फडात असते. डोक्यावर पुरुषी हॅट, पायात मथुराकाकाचे बूट, त्यांच्या टोकांत चिंध्या कोंबलेल्या. आज कोणाचा फड तोडायचा, कोणाचे डबे भरायचे, कोणी खोटं आजारपण काढलंय, सगळं तिला तोंडपाठ. ती ओरडत नाही. हळू बोलते, आणि ते जास्त झोंबतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमची वाइनिवीची लाईन ही शाखा आहे. मोठ्या लायनीपासून सुटते, ओढा ओलांडून आमच्या सायडिंगपर्यंत, म्हणजे डबे भरायच्या जागेपर्यंत, येते आणि संपते. इथल्या निम्म्या लोकांकडे दोन-तीन एकर ऊस आहे, त्यांना लॉरीचं भाडं परवडत नाही. हे मी स्वतः लॉरीवाला असून सांगतो. लाईन बंद झाली तर ते ऊस मोडतील, लंबासा शहरात जाऊन दुकानांत राबतील, आणि काकीची टोळी फुटेल. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

आणि मग भंगाराचा भाव चढला. का चढला ते मला विचारू नका, परदेशात कोणाला तरी लोखंड हवं असेल. इथे एवढंच दिसलं की वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी पाण्याचे मीटर गेले, कारण आत पितळ असतं. एका आठवड्यात आठ घरं कोरडी. मग टेलिफोनची तार गेली. शाळेतल्या मुलांच्या हात धुण्याच्या तोट्या गेल्या. मग मंडळीच्या देवळातली घंटा गेली, तेव्हा पुजारी तीन दिवस थाळी बडवून आरती करत होता. दर शनिवारी मुनेशचा ट्रक भोंगा लावून यायचा. जुनं लोखंड, बॅटरी, तांबं, पितळ. मुनेशचं भंगाराचं आवार लंबासाच्या रस्त्यावर आहे, आणि तिथे काय कुठून येतं ते विचारायची त्याला सवय नाही. एकदा काकीने फडातून त्याच्या ट्रकला हात केला. त्याने आशेने ट्रक थांबवला.

"हरीला घेऊन जा," ती म्हणाली. "पार गंजलाय, पण वजन भरेल."

टोळी दिवसभर हसत होती. मीही हसलो, दुसरं काय करणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, गाळप सुरू व्हायच्या आधी, दरवर्षी कारखान्याची माणसं लाईन दुरुस्त करायला येतात. खिळे ठोकतात, सडके स्लीपर बदलतात. आणि दरवर्षी त्यांना आमच्याकडून जेवण जातं. हे कोणी ठरवलेलं नाही, आजोबांपासून चालत आलंय. लायनीवरचा माणूस उपाशी राहिला तर इंजिन रुसतं, असं बायका म्हणतात. पहिलं घर काकीचं, म्हणून पहिला मान तिचा.

यंदा मंगळवारीच पाच जण आले. नारिंगी जाकिटं, डोक्यावर टोप्या, एकाच्या हातात कागदाचं पॅड. मोठा ट्रक. ओढ्याजवळच्या सरळ पट्ट्यावर त्यांनी रूळ सोडवायला सुरुवात केली. काकीने नेहमीप्रमाणे विचारलं, "किती जण? तिखट चालतं ना?" दुरुकाच्या कोवळ्या तुऱ्यांची रस्साभाजी, डाळ, रोट्या, टोमॅटोची चटणी, आणि पाण्याला मथुराकाकाच्या नावाचा पितळी लोटा. दोन दिवस ती त्यांना जेवू घालत होती. पॅडवाला म्हणाला, "काकी, हे रूळ झिजलेत. सोमवारी नवे येतील." काकी खूश. नवे रूळ म्हणजे लाईन आणखी वीस वर्षं टिकणार.

मी तरी शहाणा होतो का? मी त्यांना माझा मोठा पाना दिला. बोल्ट गंजले होते, निघत नव्हते. वर रूळ ट्रकमध्ये चढवायला हातही लावला. बावीस रूळ. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. जाताना पॅडवाल्याने काकीला वाकून नमस्कार केला.

सोमवारी ऑफिसर विनेश आला. कारखान्याचा आमच्या भागाचा ऑफिसर, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चिखलात बूट कुठे ठेवावा या काळजीत असलेला. मागे लायनीची खरी माणसं. ओढ्याजवळ नुसते लाकडी स्लीपर पडले होते.

"रूळ कुठे आहेत?" विनेशने विचारलं.

काकी हात पुसत पुढे आली. "तुमचीच माणसं घेऊन गेली की. नवे घेऊन येणार ना तुम्ही आज?"

विनेशने लायनीच्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात काकीला कळलं. तिचा चेहरा मी पाहिला, आणि खरं सांगतो, आठ वर्षांचे सगळे टोमणे विसरलो. ती जागीच खाली बसली, स्लीपरवर.

"मी त्यांना जेवू घातलं," ती म्हणाली. "हाताने वाढलं."

विनेश वाईट माणूस नाही, पण तरुण आहे आणि त्याला वर जाब द्यायचा होता. तो चिडला. "चोर बाहेरून आले म्हणता काकी. जरा आजूबाजूला बघा. नाल्यावर रूळ. कपड्यांच्या दोरीला रूळ. गोठ्याच्या छपराला रूळ. हे कोणी नेले? सगळं वाइनिवी चोरीच्या रुळांवर उभं आहे, आणि मी वर जाऊन सांगू की बिचाऱ्यांची लाईन कोणी चोरली?"

हे खरं होतं. मोठ्या वादळात जुनी वरची लाईन उखडली, रूळ चिखलात वेडेवाकडे पडले होते. कारखान्याने ती लाईन सोडून दिली आणि लोकांनी एकेक रूळ घरी नेला. काही चिखलातले होते. काही चिखलातले नव्हतेही. कोणी कोणाला विचारलं नाही. त्याला चोरी म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

"शाखा बंद," विनेश म्हणाला. "नवे रूळ मिळणार नाहीत. यंदा ऊस लॉरीने आणा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं.

काकी उठली. पदर खोचला. "शुक्रवारी इंजिन यायचं होतं ना?"

"होतं."

"शुक्रवारपर्यंत लाईन जोडलेली असली तर पाठवशील?"

"कशाने जोडणार काकी?"

"ते मी बघेन. पाठवशील का ते सांग."

विनेश हसला. थकून हसला असावा, पण हसला. "जोडा. पाठवतो."

"चार माणसं ऐकतायत," ती म्हणाली. "शब्द फिरवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या शेडपाशी हजर. "हरी, म्हैस काढ. मुनेशकडे जायचंय."

मी किल्ली घेतली. पाना मीच दिला होता, तेव्हा बोलायला तोंड कुठे होतं.

मुनेशचं आवार म्हणजे लोखंडाचं जंगल. फ्रीज, गाड्यांचे सांगाडे, नांगराचे फाळ. मागच्या बाजूला ताडपत्री अंथरली होती आणि तिच्याखाली काहीतरी लांब लांब. काकी सरळ तिकडे चालायला लागली. मुनेश आडवा आला. पोटावर सोन्याची साखळी, हातात चहाचा कप.

"काय शोधतेस काकी?"

"माझे रूळ."

"तुझे? रुळावर नाव आहे का तुझं?" त्याला गंमत वाटत होती. "लोखंड इथे येतं, वजन होतं, पैसे दिले जातात. कोणाचं ते मला काय माहीत? आणि रुळांचंच बोलायचं तर तुझी चूल कशावर आहे ते सांगू? मथुराकाका माझ्या बापाला सांगायचा. ओट्याखाली दोन अख्खे रूळ आहेत म्हणे. आधी ते परत दे, मग माझ्याकडे ये. चोराने चोराच्या दारात येऊन बोंबलायचं नसतं."

मला वाटलं, आता ती त्याला फाडून खाणार. पण त्याच वेळी तिची नजर वजनकाट्याशेजारच्या पितळेच्या ढिगाकडे गेली. नळ, मीटर, दिवे, आणि मध्ये तिचा लोटा, त्या पाच जणांना पाणी दिलेला. तिने वाकून तो उचलला. काठाखाली ठोके मारून कोरलेलं नाव: मथुरा, राजपत्ती.

"यावर नाव आहे," ती म्हणाली.

"तो वजनात घेतलाय मी. नेणार असशील तर वजनाचे पैसे दे."

"पोलिसांना बोलाव," ती म्हणाली. "मी रस्त्याने चालत जाते. हळू चालते, गाठतील ते."

आणि लोटा काखेत घेऊन ती खरंच चालायला लागली. मी लॉरी वळवून तिच्या मागे गेलो. दोन मैल ती चढली नाही. शेवटी ओढ्याच्या पुलाशी चढली आणि म्हणाली, "तो खरं बोलला, हरी. मेला तोंडावर खरं बोलला. त्याचाच राग येतोय."

वाटेत पोलीस चौकी लागली. तिथल्या हवालदाराने लोट्याचा फोटो काढला आणि बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

बुधवारी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. काकीच्या स्वयंपाकघरातून धाड धाड आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर ती पहारीने ओटा फोडत होती. सारवलेली माती ढासळली होती, वरचा पत्रा बाजूला फेकलेला, चूल उताणी पडलेली. चाळीस वर्षं ज्या चुलीवर तिने टोळीची डाळ शिजवली, ती. खाली दोन रूळ होते, धुराने काळे पडलेले, पण सरळसोट.

"काकी, अगं जेवण कशावर करणार?"

"तीन दगडांवर. तुझी आजी करत नव्हती?" तिने पहार माझ्या हातात दिली. "उभा काय राहिलास, धर ते टोक."

एक रूळ उचलायला चार माणसं लागतात. आम्ही दोघं होतो, म्हणून तो ओढत नेला. साऱ्या रस्त्यावर चर पडला. आवाज असा की घराघरांतून माणसं बाहेर आली. काकीने कोणाला बोलावलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. पण कुप्पनच्या दारासमोर ती थांबली, दम घ्यायला म्हणून. कुप्पन जुना लायनीवाला. पंधरा वर्षांपूर्वी रिटायर झाला. त्याच्या नाल्यावर दोन रुळांचा छोटा पूल आहे, त्याच्यावरून त्याची म्हातारी रोज देवळात जाते.

"राजपत्ती, हे काय चालवलंयस?" त्याने विचारलं.

"चोरीचा माल परत ठेवते, कुप्पनदादा. माझ्या मालकाने आणला होता. मी तेव्हा विचारलं नाही कुठून आणलास. आता मला त्या मुनेशच्या दारात ताठ मानेने उभं राहायचंय, म्हणून आधी माझं घर रिकामं करते."

"फक्त मथुरानेच आणला होता का?"

"ते ज्याचं त्याला माहीत."

कुप्पनने त्याच्या पुलाकडे पाहिलं. मग आत गेला आणि एक गोणी घेऊन आला. त्यात रुळाचे खिळे होते, सांध्यांच्या पट्ट्या होत्या, बोल्ट होते. नोकरीत असताना रोज खिशातून एकेक करून घरी आणलेले. "हे पण आहे म्हटलं," तो म्हणाला, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लाजला.

दुपारपर्यंत धूम उडाली. कोणाची कपड्यांची दोरी खाली आली, कोणाच्या गोठ्याचं छप्पर. बायका नवऱ्यांना शिव्या देत होत्या, नवरे मेलेल्या बापांना. इलाइसा कोरोतून सहा गडी घेऊन आला, खांद्यावर दोन रूळ. त्यांच्या चर्चची घंटा ज्यावर टांगलेली असायची ते.

"पाद्री काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, न्या. घंटा तर मागच्या महिन्यातच चोरीला गेली."

माझी लॉरी दोन दिवस रूळ वाहत होती. माझाच धंदा बुडवणारं ओझं माझ्याच लॉरीवर. कोणी भाड्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. लायनीवर कुप्पनने कमरेत वाकून मापाची काठी लावली. कापलेल्या टोकांना भोकं पाडायला शाळेच्या जनरेटरवर ड्रिल चालवलं. कुठला रूळ जास्त झिजलेला, कुठला कमी, त्याच्याखाली तो पत्र्याचे तुकडे सरकवायचा आणि पुटपुटायचा. काकी तीन दगडांवर सगळ्यांची खिचडी शिजवत होती.

गुरुवारी दुपारी एका बाजूला दहा रूळ झाले, दुसऱ्या बाजूलाही दहा. दोन कमी. गावात आता एकही नव्हता. सगळीकडे विचारून झालं होतं.

आता मला कबुली द्यायची आहे. होते. माझ्या लॉरीच्या शेडचं छप्पर दोन रुळांवर आहे. बापाने टाकले होते, वरून लाकडाच्या फळ्या ठोकल्या, म्हणून बाहेरून दिसत नाहीत. ते निघाले की शेड गेली, लॉरी उघड्यावर. आणि दोन रूळ कमी पडले तर इंजिन येणार नाही, आणि सगळा ऊस माझ्याकडे येणार. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. दोन दिवस मी तेच करत होतो. घामाने निथळत, सगळ्यांचे रूळ वाहत, गप्प.

काकी खिचडीची ताटली घेऊन माझ्याजवळ आली. जवळच बसली. "खा."

मी खायला लागलो.

"तुझा बाप मोठा नेटका माणूस होता," ती म्हणाली. "शेड किती छान बांधली त्याने. नंतरच्या वादळांतसुद्धा हलली नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती ओढ्याकडे बघत होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"मथुराने आणि तुझ्या बापाने मिळूनच आणले होते ते. एका डब्यातून. दोन आमचे, दोन तुमचे." ती उठली. "मी मागत नाही, हरी. कोणाकडेच मागितले नाहीत. खिचडीला मीठ कमी आहे का?"

मीठ बरोबर होतं. मी घास संपवला, शेडमध्ये गेलो, लॉरी बाहेर काढली आणि इलाइसाला हाक मारली. छप्पर खाली यायला अर्धा तासही लागला नाही. बापाने चार दिवस घालून बांधलं होतं.

शुक्रवारी सकाळी विनेश इंजिनातून उतरला तेव्हा सगळं गाव लायनीच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. कोणाच्या रुळावर अजून निळा रंग होता, कोणाच्या रुळाला कपड्यांच्या दोरीचा हूक. काकीचे दोन काळेकुट्ट. तो एकेक बघत गेला आणि टोकाशी थांबला.

"काकी, हा कारखान्याचा माल आहे. तुम्ही सगळ्यांनी कबूल केलंत असं झालं. मला हे लिहावं लागेल."

"लिही," काकी म्हणाली. "पहिलं माझं नाव. राजपत्ती, मालकाचं नाव मथुरा, दोन रूळ, चुलीखालचे. मग कुप्पन. मग हरी. सगळी नावं मी सांगते, एकही सोडत नाही. आणि शेवटी मुनेशचं लिही. बावीस रूळ, ताडपत्रीखालचे. आमच्या नावापुढे 'परत केले' लिही. त्याच्या नावापुढे काय लिहायचं ते त्याला जाऊन विचार. आम्ही विचारायला गेलो होतो तेव्हा तो आम्हाला चोर म्हणाला. आता म्हणून दाखवू दे."

विनेशने वही उघडली आणि पुन्हा मिटली. ड्रायव्हर इंजिनातून वाकून म्हणाला, "साहेब, असल्या जोडकामावरून मी नेणार नाही. डबे उलटले तर?"

"मी पुढे चालते," काकी म्हणाली. "उलटलं तर आधी माझ्यावर येईल."

आणि ती रुळांच्या मधून चालायला लागली. मथुराकाकाचे बूट, पुरुषी हॅट, काखेत लोटा. इंजिन तिच्या मागून, पावलापावलाने. कुप्पन रुळाशेजारी गुडघ्यावर रांगत प्रत्येक सांध्याला कान लावत होता. मधल्या एका सांध्यावर इंजिन कलंडल्यासारखं झालं, बायकांनी डोळे मिटले, आणि ते पुढे गेलं. माझ्या बापाच्या रुळांवरून गेलं तेव्हा मी मोठ्याने शिंकलो. शिंक आली नव्हती.

इंजिन सायडिंगला लागलं. विनेश घाम पुसत काकीला म्हणाला, "यंदा चालेल. पण पुढच्या वर्षी नीट रूळ घालावे लागतील."

"पुढच्या वर्षी तुम्ही घाला," ती म्हणाली. "यंदाचे आम्ही घातले."

नंतर विनेश खरंच पोलिसांना घेऊन मुनेशच्या आवारात गेला. ताडपत्रीखाली नऊ रूळ सापडले, बाकीचे कापले गेले होते. केस लंबासाच्या कोर्टात आहे, तारखा पडतात. पॅडवाला अजून सापडलेला नाही. माझी लॉरी उन्हापावसात उभी असते आणि चढावर पूर्वीपेक्षा जास्त धापा टाकते. काकी अजून तीन दगडांवर शिजवते. विटा आणून देतो म्हटलं तर म्हणते, आधी स्वतःचं छप्पर घाल.

पण भंगाराचा भाव काही उतरलेला नाही. मुनेशच्या भावाने धंदा चालू ठेवलाय. परवाच्या शनिवारी त्याचा ट्रक भोंगा लावून आला, जुनं लोखंड, बॅटरी, तांबं, पितळ, आणि आमच्या फाटकाशी थांबला. टोळी डबे भरत होती. ट्रकवरच्या पोराने खिडकीतून विचारलं, काही आहे का विकायला.

काकी उसाची मोळी खांद्यावरून न उतरवता म्हणाली, "नाही रे बाबा. आमच्याकडे होतं ते सगळं लोखंड कामाला लागलंय."